न वाचण्याचे परिश्रम

महाराष्ट्र शासनाने २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती, म्हणजे १५ ऑक्टोबर, हा दिवस 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळण्यास आरंभ केला. राज्यातील विद्यापीठांच्या हिवाळी सत्राच्या परीक्षा साधारणपणे याच सुमारास किंवा त्यानंतर लवकरच सुरू होत असल्यामुळे, विद्यार्थ्याला वाचनाच्या प्रेरणेची वर्षातून ज्या दिवशी सर्वांत कमी गरज असते नेमका तोच दिवस या कामी वाट्याला आला, असे म्हणावे लागते. या दिवशी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात लांब टेबलावर निळे कापड अंथरून ग्रंथप्रदर्शन मांडले जाते, प्रतिमेला हार घातला जातो, 'अग्निपंख'ची प्रत दर्शनी भागी ठेवली जाते, प्रमुख पाहुणे आजची पिढी वाचत नसल्याची खंत व्यक्त करतात आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक हाती लागेल ते पुस्तक उघडून, अहवालासाठी छायाचित्र काढून होईपर्यंत ते वाचतात. छायाचित्रात एखादे पुस्तक उलटे धरलेले आढळल्यास तेवढा भाग कापून उरलेले छायाचित्र अहवालास जोडण्याची सोय आता प्रत्येक मोबाइलमध्ये असते.

प्रमुख पाहुण्यांची खंत मात्र निरीक्षणाच्या कसोटीवर टिकणारी नाही. विद्यापीठीय विद्यार्थी पुष्कळ वाचतो, चिकाटीने वाचतो आणि प्रसंगी रात्रभर जागून वाचतो. तो नेमलेले पुस्तक तेवढे वाचत नाही, आणि ते न वाचता निभावून नेण्यासाठी त्याला जे वाचावे लागते त्याचा पसारा मूळ पुस्तकाहून बऱ्याचदा मोठा भरतो. या परिश्रमांची दखल ना गुणपत्रिकेत घेतली जाते ना प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात, म्हणून त्यांचे स्वरूप थोडे तपशिलाने पाहणे अगत्याचे आहे. पुणे शहर हे या अभ्यासासाठी विशेष सोयीचे क्षेत्र होय. तेथे विद्यार्थी, पुस्तके आणि खंत या तिन्ही गोष्टी मुबलक आहेत.

या वाचनाचा आरंभ प्रश्नपत्रिकेपासून होतो. आधी ग्रंथ, मग त्यावरील अध्यापन आणि शेवटी परीक्षा, असा क्रम अभ्यासमंडळाने, म्हणजे विषयाचा अभ्यासक्रम ठरविणाऱ्या प्राध्यापकांच्या समितीने, कागदावर मांडून दिलेला असतो. विद्यार्थी तो उलट दिशेने चालतो. तो मागील पाच-सहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवितो आणि कोणता प्रश्न किती वेळा आला, कोणता एक सत्र सोडून येतो, कोणता गेल्या खेपेस आल्यामुळे यंदा येणार नाही आणि कोणता गेल्या खेपेस येऊनही यंदा येणारच, कारण पेपर काढणारे सर तेच आहेत, याचा इतक्या बारकाईने विचार करतो की तेवढ्या बारकाईने विद्यापीठातील दुसरा कोणताही मजकूर वाचला जात नसावा. खुद्द प्रश्नपत्रिका काढणाऱ्यानेही ती तितकी वाचलेली नसते, हे तीमधील छपाईच्या चुकांवरून उघड होते. या संशोधनाचे फलित म्हणजे 'आयएमपी'. महत्त्वाचे या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे हे आखूड रूप असून, विषयाच्या दृष्टीने महत्त्व असो वा नसो, परीक्षेत येण्याचा संभव ज्याला आहे तो प्रश्न, असा त्याचा शास्त्रीय अर्थ आहे. अध्यापकाने सत्राच्या अखेरच्या तासाला आयएमपी सांगावे अशी रूढी आहे, आणि 'सगळंच आयएमपी आहे' असे उत्तर देणाऱ्या अध्यापकाचा विषयावरील व्यासंग कितीही दांडगा असला तरी पुढच्या सत्रात त्याच्या तासाला वर्गात कोणी बसत नाही.

ग्रंथालयातील क्रमिक पुस्तकांचे समास या दृष्टीने पाहण्यासारखे असतात. भारतीय विद्यापरंपरेत सूत्रावर भाष्य, भाष्यावर टीका आणि टीकेवर टिप्पण असे थर चढत आले. त्या परंपरेतील सर्वांत ताजा थर पेन्सिलीने लिहिलेला असून त्यात 'एप्रिल २०१७, ८ गुण' अशा स्वरूपाचा मजकूर आढळतो. मूळ ग्रंथकाराचे म्हणणे पटले की नाही याविषयी समासात चकार शब्द नसतो. त्याचे म्हणणे किती गुणांचे आहे एवढाच निवाडा दिलेला असतो. पुढचा वाचक त्याखाली 'ऑक्टो. २०१८ ला पण' अशी भर घालतो, त्यानंतरचा वाचक 'सिलॅबसमधून गेलं' असे लिहून वाद संपवितो, आणि सामान्यतः पहिल्या तीसएक पानांनंतर समास कोरे होत जातात. एखाद्या पानावर अख्खाच्या अख्खा मजकूर अधोरेखित केलेला दिसतो. हा वाचक अतिशय मनापासून वाचणारा असतो किंवा त्याच्याजवळ मोजपट्टी नवी असते.

प्रश्न निश्चित झाल्यावर उत्तरे लागतात, आणि ती नोट्समध्ये असतात. नोट्स म्हणजे अध्यापकाने वर्गात सांगितलेल्या मजकुराचे लेखी रूप, अशी व्याख्या पूर्वी पुरेशी होती. आता ती अपुरी ठरते, कारण नोट्स वापरणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्या तासाला वर्गात नसतात आणि काही जण त्या महाविद्यालयातही नसतात. पुण्यात पाठचिकित्सेची, म्हणजे एकाच ग्रंथाच्या अनेक हस्तलिखितांतील पाठ ताडून पाहून त्यांतून मूळ पाठाचा शोध घेण्याच्या शास्त्राची, परंपरा मोठी आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९६६ मध्ये पूर्णत्वास गेले आणि विष्णु सीताराम सुकथनकर यांच्यासारख्या संपादकाने त्या कामी घालून दिलेली शिस्त जगभर वाखाणली गेली. याच संस्थेपासून चालत जाण्याच्या अंतरावर जी महाविद्यालये आहेत, त्यांमध्ये दर सत्राला नोट्सच्या प्रतींचे जे विलक्षण संक्रमण घडते, त्याकडे मात्र एकाही पाठचिकित्सकाचे लक्ष गेलेले नाही.

या परंपरेतील आद्य प्रत म्हणजे पहिल्या बाकावर बसणाऱ्या, अक्षर सुवाच्य असलेल्या आणि कोणालाही नाही म्हणता न येणाऱ्या विद्यार्थिनीची वही. तिच्यापासून पहिली प्रत निघते, पहिलीपासून चार, चारांपासून चाळीस, आणि ही शाखावृद्धी होत असताना पाठभेद शिरू लागतात. 'ऑगस्ट कॉम्त यांनी समाजशास्त्राचा पाया घातला' हे मूळ वाक्य तिसऱ्या पिढीत 'ऑगस्टमध्ये कॉम्त यांनी समाजशास्त्राचा पाया घातला' असे होते आणि पाचव्या पिढीत एखादा चिकित्सक विद्यार्थी सालही घालून देतो. अध्यापकाने तासाला केलेला विनोद सिद्धांत म्हणून उतरविला जातो, आणि 'उर्वरित मुद्दे उद्या' हे वहीतील वाक्य उत्तरपत्रिकेत जसेच्या तसे लिहून विद्यार्थी पुढच्या प्रश्नाकडे वळतो. छायाप्रत काढताना वहीची डावी कड यंत्राच्या काचेवर नीट न बसल्याने प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर गळते. अशा त्रुटित पाठाची पूर्तता वाचकाला स्वतःच्या तर्काने करावी लागते, आणि या एका कारणासाठी तरी त्याला मजकुराचा अर्थ लावावा लागतो, हा कड कापली जाण्याचा शैक्षणिक लाभ मानला पाहिजे. एखाद्या वर्षी चौदावे पानच मधून गहाळ होते. मग त्या संपूर्ण तुकडीपुरती फ्रेंच राज्यक्रांतीला दोनच कारणे उरतात, आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला शंभरावी उत्तरपत्रिका संपेपर्यंत तिसऱ्या कारणाविषयी स्वतःच्याच मनात शंका येऊ लागते.

छायाप्रतीचे, म्हणजे लोकव्यवहारातील झेरॉक्सचे, यंत्र ज्याच्यामुळे अस्तित्वात आले त्या चेस्टर कार्लसन यांचे चरित्र या संदर्भात उद्बोधक आहे. कार्लसन दिवसा न्यूयॉर्कमधील एका कंपनीच्या पेटंट विभागात नोकरी करीत आणि रात्री कायद्याचे शिक्षण घेत. कायद्याची पुस्तके विकत घेणे परवडत नसल्यामुळे ते तेथील सार्वजनिक ग्रंथालयात बसून पानेच्या पाने हाताने उतरवून घेत. या उतरवण्याला कंटाळलेल्या त्या विद्यार्थ्याने घरी रसायनांचे प्रयोग सुरू केले आणि २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात, त्या दिवसाची तारीख आणि त्या जागेचे नाव लिहिलेली काचपट्टी वापरून, जगातील पहिली कोरडी छायाप्रत काढली. त्यावर उभारलेले कार्यालयीन यंत्र बाजारात यायला १९५९ उजाडले. हा शोध प्रयोगशाळेतल्या प्राध्यापकाच्या नव्हे, तर पुस्तक उतरवून घेताना हात दुखलेल्या विद्यार्थ्याच्या डोक्यातून निघालेला असल्यामुळे, वाचन प्रेरणा दिनानंतर बरोबर सात दिवसांनी येणारी २२ ऑक्टोबर ही तारीख एखाद्या विद्यार्थी संघटनेने अद्याप कशी उचलून धरलेली नाही, याचे नवल वाटते. कार्लसन यांच्या हाताला झालेला त्रास मान्य केला तरी एक गोष्ट नोंदवावी लागेल: हाताने उतरविलेला मजकूर निदान एकदा डोळ्यांखालून जातो. यंत्राने ही अट काढून टाकली, आणि तेव्हापासून मजकूर मिळविणे व मजकूर वाचणे या दोन क्रिया एकमेकींपासून स्वतंत्र झाल्या.

या स्वातंत्र्याला पुढे न्यायालयाचाही आधार लाभला. दिल्ली विद्यापीठातील अर्थशास्त्राच्या नामांकित संस्थेच्या आवारात असलेल्या एका झेरॉक्सच्या दुकानात, प्राध्यापकांनी नेमून दिलेल्या ग्रंथांतील निवडक प्रकरणांच्या प्रती एकत्र बांधून विद्यार्थ्यांना विकल्या जात; अशा बांधणीला 'कोर्स पॅक' म्हणतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशनसंस्थांनी २०१२ मध्ये या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात अध्यापनाच्या ओघात अध्यापकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतींना जी सूट आहे, तिचा आधार घेऊन दिल्ली उच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २०१६ रोजी दुकानाच्या बाजूने निकाल दिला, त्याच वर्षी डिसेंबरात दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानेही ही सूट मुळात मान्य केली, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. ज्ञान सर्वांना परवडले पाहिजे या बाजूने देशभरातील अभ्यासकांनी जे लिहिले ते योग्यच होते. न्यायालयापुढचा प्रश्न प्रती काढण्याचा होता, वाचण्याचा नव्हता, ही विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्या खटल्यातील सर्वांत सुदैवाची बाब म्हटली पाहिजे, कारण त्या जाडजूड बांधण्यांच्या कोऱ्या करकरीत कडा पुरावा म्हणून सादर झाल्या असत्या तर निकाल काय लागला असता हे सांगता येत नाही.

पीडीएफ आल्यानंतर झेरॉक्सचा खर्चही वाचला. टेलिग्रामवरील एखाद्या समूहात सामील होताच विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये एका दुपारी जेवढे ग्रंथ उतरतात, तेवढे गोळा करण्यासाठी पूर्वीच्या पंडिताला आयुष्य आणि वारसदाराला वाडा खर्ची घालावा लागे. 'नवीन डॉक्युमेंट फायनल २' असे नाव धारण करणारा हा ग्रंथ पुन्हा सापडेलच अशी खात्री नसते. सापडला तर तो आधी दुसऱ्या मित्राला पाठविला जातो आणि मगच, वेळ मिळाल्यास, बंद केला जातो. येथे शियाळी रामामृत रंगनाथन यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी त्याच मद्रास इलाख्यात कलामांचा जन्म झाला, हा योगायोग १५ ऑक्टोबरच्या सूत्रसंचालकांच्या नजरेतून कसा सुटला कोण जाणे. त्या पाचांपैकी चौथा सिद्धांत वाचकाचा वेळ न दवडण्यासंबंधीचा आहे. ग्रंथपालांनी त्याचा अर्थ पुस्तक लवकर हाती पडावे एवढाच घेतला. विद्यार्थ्यांनी तो तडीस नेला. सहाशे पानांच्या ग्रंथाऐवजी दोनशे पानांचे गाइड, गाइडऐवजी साठ पानांच्या नोट्स, नोट्सऐवजी संपूर्ण घटक तासाभरात उरकणारी 'वन शॉट' नावाची चित्रफीत, ती दुप्पट वेगाने पाहिल्यास अर्धा तास, आणि आता संगणकाच्या कृत्रिम बुद्धीला विचारून मिळविलेल्या दहा ओळी, असा हा प्रवास आहे. दहा ओळी वाचून झाल्यावर 'जरा थोडक्यात सांग' अशी विनंती करणारे विद्यार्थी आढळतात, तेव्हा रंगनाथन यांचा सिद्धांत अजून पूर्णतेला पोहोचायचा आहे हे ध्यानात येते.

यावरून ग्रंथालये ओस पडली असतील असे अनुमान कोणी काढील तर ते चुकेल. मुंबई विद्यापीठाने एकोणिसाव्या शतकात आपल्या ग्रंथालयाच्या माथ्यावर राजाबाई टॉवर उभारला, जो १८७८ मध्ये पूर्ण झाला, आणि ग्रंथ व घड्याळ यांची अशी एकत्र सोय करण्यामागे विद्यार्थ्याच्या स्वभावाचा अचूक अंदाज होता. आजच्या वाचनकक्षात घड्याळाची जागा विजेच्या खटक्याने घेतली आहे, आणि बसण्याची जागा निवडताना प्रकाश, हवा किंवा हव्या त्या विषयाच्या कपाटाचे सान्निध्य यांपेक्षा चार्जर कोठे लागतो हे आधी पाहिले जाते. शिवाय ग्रंथालयात जाणाऱ्यांची मोजदाद ठेवणे आता महाविद्यालयांना भाग आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रमाणन परिषद, म्हणजे नॅक, उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करताना ग्रंथालयाचा दररोज किती जण वापर करतात हेही विचारते. त्यामुळे प्रवेशद्वाराशी ठेवलेल्या नोंदवहीत नाव, वर्ग, येण्याची वेळ आणि जाण्याची वेळ लिहून सही केल्याखेरीज आत सोडत नाहीत. समितीची भेट जवळ आली की वर्गच्या वर्ग रांगेने आणून सही करून परत नेले जातात, आणि अशा आठवड्यात ग्रंथालयातील सर्वाधिक हाताळला गेलेला ग्रंथ ही नोंदवहीच असते. तिची पाने गळतात, बांधणी सैल होते आणि अखेर नवी आणावी लागते. हे भाग्य कपाटातील कितीतरी ग्रंथांना लाभत नाही.

खऱ्या अर्थाने सकाळपासून रात्रीपर्यंत वाचणारा विद्यार्थी पाहायचा असेल तर सदाशिव, नारायण किंवा नवी पेठेतील अभ्यासिकांत जावे लागते. अभ्यासिका म्हणजे मासिक शुल्क घेऊन टेबल, खुर्ची, दिवा, चार्जरची सोय आणि दोन्ही बाजूंना प्लायवुडचा आडोसा देणारी जागा. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी मेस लावतात तशी ही 'लायब्ररी' लावतात, आणि तीत पुस्तके नसतात, पुस्तके ज्याने त्याने आणायची असतात. पुण्यात २०२४ च्या डिसेंबरात पुस्तक महोत्सवाच्या निमित्ताने 'शांतता… पुणेकर वाचत आहेत' असा तासाभराच्या सामूहिक वाचनाचा उपक्रम झाला, तेव्हा या अभ्यासिकांतील हजारो विद्यार्थी नेहमीसारखेच वाचत होते. मात्र त्यांपैकी बहुतेक जण बीड, परभणी, नांदेड, जळगाव, सोलापूर अशा जिल्ह्यांतून आलेले असल्यामुळे त्यांना पुणेकर म्हणावे की नाही हा प्रश्न जुन्या पुणेकरांच्या मते अनिर्णित आहे.

अभ्यासिकेतील वाचन ग्रंथाला अभिप्रेत असलेले वाचनच होय, म्हणजे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. पण येथे लेखक हे मोजमापाचे एकक बनतो. एम. लक्ष्मीकांत यांचा भारतीय राज्यव्यवस्थेवरील ग्रंथ वाचला काय, असे कोणी कोणास विचारत नाही. 'लक्ष्मीकांत किती वेळा झाला?' असे विचारतात, आणि 'तिसरा चालू आहे' किंवा 'तीन झाले, पण कोळंबे अर्धाच आहे' अशी उत्तरे मिळतात. कोळंबे म्हणजे अर्थव्यवस्था आणि 'तात्यांचा ठोकळा' म्हणजे सर्व विषय एकाच बांधणीत सामावणारे, नावाला जागणाऱ्या आकाराचे पुस्तक. राज्यघटनेतील अनुच्छेद येथे जितक्या जणांना तोंडपाठ असतील तितके ते कोणत्याही विधिमंडळात सापडणार नाहीत. या विद्यार्थ्यांना परीक्षेचा साचा बदलला की आपले वाचन मुळापासून बदलावे लागणार हे पक्के ठाऊक असते. म्हणूनच राज्यसेवेची मुख्य परीक्षा पर्याय निवडण्याऐवजी वर्णनात्मक होणार असे ठरले तेव्हा २०२३ च्या प्रारंभी ते पुण्याच्या रस्त्यावर उतरले, आणि आयोगाने तो बदल २०२५ पर्यंत पुढे ढकलल्यावर पुन्हा अभ्यासिकेत गेले. कसे वाचावे या प्रश्नावर रस्ता अडवणारा वाचकवर्ग जगात अन्यत्र क्वचितच असेल, आणि त्यांच्याविषयी बोलताना 'वाचनसंस्कृतीचा ऱ्हास' हा शब्दप्रयोग करणाऱ्यांनी एकदा तरी त्या प्लायवुडच्या आडोशात मे महिन्याची दुपार काढून पाहावी.

साहित्याच्या विद्यार्थ्याची अडचण वेगळीच आहे; त्याला नेमलेली कादंबरी मुळात आवडीने वाचण्यासाठी लिहिलेली असते, त्यामुळे ती अभ्यास म्हणून कशी वाचायची हे उमगत नाही. भालचंद्र नेमाडे यांची १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेली 'कोसला' ही खानदेशातील खेड्यातून पुण्यात शिकायला आलेल्या, महाविद्यालय, वसतिगृह आणि परीक्षा या सर्वांचा उबग आलेल्या पांडुरंग सांगवीकराची कहाणी आहे. ही कादंबरी पुढे विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत आली, आणि आता खानदेशातील खेड्यातून पुण्यात शिकायला आलेला, मेसच्या आमटीला आणि परीक्षेला तितकाच विटलेला एखादा विद्यार्थी रात्री दोन वाजता गाइडमधून 'नायकाची परात्मता: पंधरा गुण' हे उत्तर पाठ करीत बसतो. परात्मता म्हणजे माणसाला आपले जगणे आपलेच वाटेनासे होणे, ही व्याख्याही तो पाठ करतो. कादंबरी शेजारच्या खाटेवर असते. ती उघडली तर हे आपल्याविषयीच लिहिले आहे असे त्याच्या ध्यानात येईल, पण तेवढा वेळ नसतो, कारण त्यानंतर 'शैलीविशेष' हे दहा गुणांचे टिपण राहिलेले असते.

संशोधक विद्यार्थ्याचाही येथे ओझरता उल्लेख केला पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातील मजकुराचे इतरत्र छापलेल्या मजकुराशी असलेले साम्य १० टक्क्यांपर्यंत क्षम्य असते, ४० च्या वर गेल्यास वर्षभर थांबावे लागते आणि ६० ओलांडल्यास नोंदणीच रद्द होते. हे साम्य संगणकीय प्रणालीकडून मोजले जाते. पहिल्या शब्दापासून अखेरच्या शब्दापर्यंत प्रबंध वाचणारा एवढा एकच वाचक विद्यापीठाने नेमलेला आहे, आणि त्याला मजकूर समजत नाही, ही त्याची अडचण इतरांपेक्षा फार वेगळी आहे असे म्हणता येत नाही.

या सर्व व्यवहाराच्या आडून एक बेकायदेशीर म्हणावे असे वाचन चालू असते, आणि त्याचा हंगाम परीक्षेचाच असतो. अर्थशास्त्राचा पेपर सोमवारी असल्यास शनिवारी रात्री शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय' हाती घ्यावेसे वाटते; एरवी सत्रभर ज्या विद्यार्थ्याने चार पानांचे टिपण वाचण्यास कंटाळा केला, तो कर्णाच्या दुःखासाठी शेकडो पाने पहाटेपर्यंत संपवितो आणि सकाळी मागणी व पुरवठा यांच्यातील समतोलाकडे तांबारलेल्या डोळ्यांनी पाहतो. वसतिगृहात सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी', व. पु. काळे यांची 'पार्टनर', शिवाजी सावंतांचीच 'छावा' अशा पुस्तकांच्या प्रती खोल्याखोल्यांतून फिरत असतात. त्यांचे मुखपृष्ठ गेलेले असते, मालक कोण हे विसरले गेलेले असते, नोंदवही नसते, परतीची तारीख नसते, आणि तरीही ती परत येतात. वपुंची वाक्ये तर पुस्तकातून निघून मोबाइलच्या स्टेटसमध्ये राहायला गेली आहेत. त्यांनी न लिहिलेली कित्येक वाक्येही त्यांच्याच नावावर सुखाने नांदतात. या वाचनाला गुण नाहीत, श्रेयांक नाहीत, आणि एखाद्या सुधारणाप्रिय अधिष्ठात्याने त्याला दोन श्रेयांक देण्याचा विचार केलाच, तर 'दुनियादारी'चे आयएमपी महिन्याभरात बाजारात येतील आणि ती प्रत खोलीतून खोलीत जायची थांबेल.

शिक्षण संपल्यावर विद्यार्थ्याची आणि ग्रंथालयाची अधिकृत गाठ पडते ती ना-देय प्रमाणपत्रासाठी, म्हणजे ग्रंथालयाचे कोणतेही पुस्तक वा दंड आपल्याकडे येणे नाही, अशा दाखल्यासाठी. त्यावर शिक्का असल्याखेरीज महाविद्यालय सोडल्याचा दाखला मिळत नसल्यामुळे, तीन वर्षांत तेथे न फिरकलेल्या विद्यार्थ्यालाही ग्रंथालय कोठे आहे हे विचारत यावे लागते. त्याचे खाते निष्कलंक असते आणि काम दोन मिनिटांत होते. ज्याने पुस्तके नेली, वाचली आणि एखादे हरविले, तो मात्र अडकतो. हरविलेल्या पुस्तकाची किंमत भरावी किंवा तेच पुस्तक आणून द्यावे, असा नियम असतो. किंमत नव्या आवृत्तीची लावली जात असल्यामुळे तो अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुन्या पुस्तकांच्या ढिगात शोध घेतो आणि पहिले पान फाटलेली एक प्रत अर्ध्या किमतीत मिळवून आणतो. आता ग्रंथालये आपल्या मालकीचा शिक्का केवळ पहिल्या पानावर मारीत नाहीत. चोरीला आळा बसावा म्हणून आतल्या एका ठरावीक क्रमांकाच्या पानावरही तो मारला जातो, त्याला गुप्त पान म्हणतात आणि हा क्रमांक कर्मचाऱ्यांखेरीज कोणाला ठाऊक नसतो. पन्नासाच्या पुढचा कोणताही क्रमांक निवडला की गुप्तता आपोआप राखली जाते. देवघेव विभागातील लेखनिक आणलेल्या प्रतीला नवा दाखल क्रमांक देतो, शिक्क्याला शाई लावतो आणि गुप्त पान उघडतो, तर तेथे त्याच ग्रंथालयाचा बारा वर्षांपूर्वीचा शिक्का असतो; तो क्षणभर विद्यार्थ्याकडे पाहतो, विद्यार्थी खिडकीबाहेर पाहतो, आणि मग लेखनिक जुन्या शिक्क्याच्या शेजारी, अक्षरे एकमेकांत मिसळणार नाहीत एवढी जागा सोडून, नवा शिक्का मारतो.